सरकी गल्लीतला नऊ नंबर

"माझ्या अब्बूले चोर म्हणून राह्यले सारे," असं म्हणत रुबिना दारातच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर, खत-बियाण्याच्या एका दुकानाच्या माडीवर झुंबरबाई तायडे यांची खोली आहे. बाहेर पाटी आहे, 'खाजगी चौकशी'. तीस वर्षं पोलिसात काढलेली ही बाई एरवी लग्नाआधीच्या चौकशा करते. मुलगा पितो का, नोकरी कायम आहे का, पहिली बायको कुठे आहे. त्यामुळे माणसं खोटं कशी बोलतात याचा तिला भरपूर सराव. राग मात्र अजून आवरत नाही, आणि तो आवरावा असं तिला वाटतही नाही.

कोपऱ्यात वामनराव वही घेऊन बसले होते. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. अक्षर सुरेख, विचार सावकाश. पार्सल आलं तसं लिहून घ्यायचं, आत काय आहे ते फोडून पाहायचं नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय.

"अब्बू कोन?" झुंबरबाईंनी विचारलं.

"कय्यूम मिस्त्री. वेणीपूरचे. सुतार हायेत. काल दुपारपासून ठाण्यात बसवून ठेवलं. आज संध्याकाळी अटक दाखवतो म्हणते ठाणेदार. साठ वर्षांत त्यायनं कोनाचा खिळा नाही उचलला, बाई." तिचा आवाज फुटला, पण रडू आलं नाही.

"काय चोरलं म्हणते?"

"मोरपट्टी."

मग तिने सांगितलं. रुबिना वेणीपूरच्या शाळेत इतिहास शिकवते. तिथली सरकी गल्ली म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या कापूस अडत्यांची वस्ती. ओटे बैलगाडीच्या उंचीचे, म्हणजे गाठी न उचलता सरळ आत ढकलता याव्यात. निम्मी घरं हिंदूंची, निम्मी मुसलमानांची, सगळ्यांत माणसं राहतात. दोन वर्षांपूर्वी रुबिनाने त्या गल्लीची एक पायवाट आखली. चौदा घरांना चौदा नंबरच्या पाट्या. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर छापील कागद फुकट ठेवलेले. कागद घ्यायचा आणि आपलं आपण हिंडायचं. सोबत कोणी माहीतगार नाही, फी नाही. अकोला-खामगावहून लोक येतात, रविवारी जास्त.

"रस्ता कळते लोकायले?" झुंबरबाईंनी विचारलं.

"चुन्याचे पांढरे बाण काढते ना मी रस्त्यावर, दर शनिवारी संध्याकाळी. मधी नळ आला का धुवून जातात. तरी लोक चुकतेच. कागदावर माझा मोबाइल नंबर हाये, त्याच्यावर तक्रारी टाकतात. एकाले विहीर सापडत नाही, एकाले कुत्रं चावलं. बुधवारी एकानं लिहिलं, नऊ नंबरले मोर नाहीत, कोरी भिंत हाये. आठात डोकावला असन. पाटी पाहतच नाहीत."

"अन् मोर हायेत नऊ नंबरात?"

"हाव. मनकर्णाबाई डिवरेच्या ओसरीत, माजघराच्या दारावर. चार हात लांब सागवानी पट्टी. दोन मोर, मधी कापसाचं बोंड. बाई घरी नसल्या तरी ओसरीच्या खिडकीतून दिसते. त्या आठ दिवस लेकीकडं उंद्रीले गेल्या होत्या. काल सकाळी आल्या त पट्टी गायब. पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं. परसदाराची चावी शेजारी बानोखालाकडं राहते, ती गुरुवारी अब्बूनं नेली होती, बिजागरी बसवाले. झालं. दुसऱ्या कोनाचं नावच नाही आलं."

"वामनराव, उठा," झुंबरबाई म्हणाल्या. "यष्टी सापडली पाहिजे."

*

वेणीपूरच्या ठाण्यात कय्यूम मिस्त्री बाकावर बसले होते. डोक्यावरची टोपी मांडीवर. रात्रभर तसेच बसलेले दिसत होते. गल्लीतल्या निम्म्या दारांच्या चौकटी या माणसाने दुरुस्त केल्या आहेत, आणि त्याच गल्लीतले चार जण काल त्याचा दंड धरून त्याला इथे घेऊन आले. वामनरावांना त्यांच्याकडे पाहवेना.

"ओसरीत गेलते का, मिस्त्री?"

"नाही बाई. परसदारात बसून बिजागरी बसवली. आतल्या खोलीत माझं काय काम? पराया घर हाये. बाई बी घरी नाही."

"किती वाजता निघाले?"

"बारा वाजले असन. चावी बानोआपाले देल्ली, घरी गेलो. हातात फक्त हत्याराची पिशवी."

ठाणेदार बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेला, तरुण, घाईतला. त्याने टेबलावर फाइल टाकली. "बाई, तुम्ही खात्यातल्या, म्हणून दाखवतो. मनकर्णाबाईंचे दीर भगवंतराव डिवरे यांचा जबाब वाचा. प्रतिष्ठित माणूस. डोळ्यांनी पाहिलंय."

झुंबरबाईंनी मोठ्याने वाचलं, वामनरावांनी उतरवून घेतलं.

'गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास मी गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. आपल्या गल्लीची पायवाट आपण कधी पाहिली नाही असे वाटून, छापील कागद हातात घेऊन, रस्त्यावरील पांढऱ्या बाणांप्रमाणे एकेक घर पाहत चाललो. गल्लीत पूर्ण शांतता होती. साडेनऊ वाजता नऊ नंबरच्या खिडकीतून मोरपट्टी जागेवर असल्याचे पाहिले. नंतर शेजारच्या ओट्यावर अर्धा तास विश्रांती घेतली. दहा वाजता कय्यूम मिस्त्री बाजूच्या बोळातून गोधडीत गुंडाळलेली लांब वस्तू घेऊन जाताना मला दिसला.'

"आणखी कोनाले विचारलं?"

"दहा जणांचे जबाब आहेत. सगळे म्हणतात, आम्ही कामावर होतो, काही पाहिलं नाही."

झुंबरबाईंनी दहा नावं वाचली आणि फाइल अशी आपटली की बाहेरचा हवालदार डोकावला. "दहाच्या दहा माणसं! एक जिनिंगात, एक कोर्टात, एक रिक्षावर. सकाळी गल्लीत राहते कोन, साहेब? तुमची आई सकाळी कुठं राहते?"

ठाणेदाराचे कान लाल झाले. "संध्याकाळी सहापर्यंत वेळ देतो. त्यानंतर अटक."

*

सरकी गल्लीत शिरताच वामनराव चुकले. हातात कागद असूनही चार नंबरनंतर डावीकडच्या बोळात घुसले आणि एका म्हशीच्या समोर उभे राहिले.

"बाण नाहीत हो कुठं!" ते परत येत म्हणाले.

"दिसून राह्यलं," झुंबरबाई म्हणाल्या, आणि रस्त्याकडे दोनदा पाहून पुढे चालू लागल्या.

नऊ नंबरच्या ओसरीत मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पासष्टीच्या, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. माजघराच्या दारावर चार हात लांबीची कोरी भिंत दिसत होती, खाली चौकटीवरची महिरप तेवढी उरली होती.

"सून म्हणून आले तवा ते मोर पाहूनच उंबरठा ओलांडला होता," त्या म्हणाल्या. "कय्यूमभाईवर माझा संशय नाही. पन माझं कोन ऐकते? भाऊजींनी तक्रार लिहिली, मी अंगठा देल्ला. मले वाटलं, पट्टी गेली एवढंच लिहिलं असन."

झुंबरबाई स्टुलावर चढल्या. चौकटीच्या दोन्ही टोकांना, भिंतीच्या खाचेत, सागवानाचे बोटभर तुकडे अडकून राहिले होते. कापलेली कड बारीक, गुळगुळीत.

"हे काय?"

"पट्टीचे कान," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ते खाचेत बसतात. वरून खुंटी ठोकलेली राहते."

"घर कोनाच्या नावावर?"

"माझ्या मालकाच्या अन् भाऊजींच्या. दोघायच्या. भाऊजी बायपासपलीकडं बंगल्यात गेले त्याले वीस वर्षं झाली. तवापासून इथं मीच."

"पुढच्या कुलपाच्या चाव्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेले. दुसरी भाऊजींकडं होती, पन ती हरवली म्हणते कव्हाची."

शेजारच्या आठ नंबरात बानो ओट्यावर पाय पसरून लसूण सोलत होती. ओट्याच्या अर्ध्या भागावर तीन निळे ड्रम झाकण लावून उभे होते. कय्यूमचं नाव काढताच तिने सोललेली पाकळी परत टोपलीत फेकली.

"मीच चावी देल्ली ना! म्हून माझ्या तोंडावर थुंकावं वाटते मले. सात वाजता आले बिचारे. माझी कंबर धरलेली, हे ड्रम कसे भरू म्हून मी रडकुंडीले आलते. त्यायनं पाइप लावून तीनही ड्रम भरून देल्ले, हंडे आत नेऊन ठेवले, मंग गेले परसात."

"मंग? बाहेर जाताना पाह्यलं?"

"बाराले चावी देताना. त्याच्या आधी तिकडून कोनी नाही गेलं. बोळ तर हा, माझ्या ओट्याले लागून."

"हे पोलिसाले सांगितलं?"

"मले कोन विचारते? माझ्या पोराले विचारलं. तो जिनिंगमधी. तो काय सांगन?"

"अन् त्याच्या आधी? मंगळवारी, बुधवारी कोनी परकं माणूस आलतं का?"

"बुधवारी दोघं-चौघं कागदवाले फिरून गेले. मंगळवारचं काही सांगू नका, मंगळवारी तर साऱ्या गल्लीले धामणगाव बढ्याले वलीम्याचं, लग्नाच्या जेवनाचं, आवतन होतं. दोन टेम्पो करून गेलो, हिंदू काय अन् मुसलमान काय. दुपारभर गल्लीत कुत्रं बी नव्हतं."

तिसरा आसिम. जुनं सागवान घ्यायचा-विकायचा त्याचा धंदा, आणि तेवढ्यावरच वामनरावांचा त्याच्यावर संशय बसला होता. जुन्या दारांच्या ढिगात तो चहा पीत होता.

"मोरपट्टी मागितली होती मी, खोटं काऊन बोलू? दोनदा मागितली. बाईनं चपला घेऊन हाकललं." तो हसला. झुंबरबाईंनी खाचेतून काढून आणलेला तुकडा त्याच्या हातात ठेवला, तसा तो गंभीर झाला. "पन माझ्याकडं आली असती तरी मी नसती घेतली आता. कान कापले म्हणते ना? कोन्या गाढवानं कापले? वरची खुंटी काढली का पट्टी अख्खी हातात येते. कान गेले का तिचा जीव गेला. अन् कापली बी कशानं, लोखंड कापाच्या आरीनं. कड सांगते."

"सुतार असं करीन का?"

"झोपेत बी नाही करनार, बाई. कसाई बकऱ्याचं कातडं फाडते का कधी?"

वामनरावांनी वहीत लिहिलं, 'आसिमला फार माहिती आहे.' ते वाचून झुंबरबाई पुढच्या रस्त्याला लागल्या.

*

भगवंतराव डिवरेंच्या बंगल्यापुढे हिरवीगार हिरवळ होती आणि बाजूला कुलूपबंद गोदाम. एप्रिल सरत आला होता, सारं गाव भुरकं पडलेलं, आणि इथे माळी पाइपने गवताला पाणी देत होता. भगवंतरावांनी दोघांना व्हरांड्यात बसवलं, थंड पन्हं दिलं. पांढरा कुर्ता, सोनेरी काडीचा चष्मा, गोड बोलणं.

"फार वाईट वाटतं हो. कय्यूम आमच्या घरी लहानपणापासून येतो. पण चोरी ती चोरी. मी पाहिलं ते लिहून दिलं."

"गवत छान हाये," झुंबरबाई म्हणाल्या.

"बोअर चांगला लागला. वीस वर्षं झाली, पाण्याची कधी चिंता नाही केली."

"त्या दिवशी गल्लीत कोन भेटलं तुमाले?"

"कोणी नाही. सामसूम होती. सगळे कामाला गेलेले."

"अन् अर्धा तास बसले तो ओटा बानोचा?"

"आठ नंबरचा. हो."

"हे पांढरे कपडे होते? मळले असन."

"छे! ओटा स्वच्छ, कोरडा. सावली होती. एकटाच शांत बसलो होतो. जुने दिवस आठवले." त्यांनी चष्मा पुसला. "कुठे गेलं ते सगळं, असं वाटलं."

बाहेर पडल्यावर वामनराव म्हणाले, "माणूस सज्जन दिसतो."

झुंबरबाई रस्त्यात थांबल्या. "वामनराव, कोनतं पार्सल आतून भिजलं हाये, हे तुमाले वासानं बी कळत नव्हतं का?"

मग त्यांनी फोन लावून ठाणेदाराला सांगितलं की पाच वाजता कय्यूमला घेऊन नऊ नंबरला या. भगवंतरावांनाही तिथे बोलवा. वामनरावांना त्यांनी गल्लीत पाठवलं, एकाच निरोपासह. घराघरातून एकेक बाई आली पाहिजे.

*

पाच वाजता ओसरी भरली. बायका आत, ओट्यावर, पायऱ्यांवर. माणसं मागे रस्त्यात. कय्यूम मिस्त्री हवालदाराजवळ उभे होते, नजर जमिनीवर. रुबिना त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

झुंबरबाई स्टुलावर बसल्या.

"भगवंतराव, तुमचा जबाब एकदा साऱ्यायपुढं सांगता का?"

भगवंतरावांनी सांगितला. कागद, पांढरे बाण, शांतता, साडेनऊला खिडकीतून दिसलेले मोर, कोरडा ओटा, गोधडीतली वस्तू. एक शब्द चुकला नाही. पहिल्या दोन वाक्यांनाच बायकांत कुजबुज सुरू झाली होती. ती वाढत गेली.

"झालं?" झुंबरबाई म्हणाल्या. "आता मी सांगते. पह्यली गोष्ट. पट्टीचे कान लोखंडाच्या आरीनं कापले. खुंटी काढाची अक्कल ज्याले नाही त्यानं. म्हणजे कय्यूमभाई नाही, अन् आसिमबी नाही. एकाचा हात तसा चालत नाही, दुसऱ्याले तसा माल चालत नाही."

"घाईत कोणीही कापेल," ठाणेदार म्हणाला.

"कापन ना. म्हून दुसरी गोष्ट ऐका. रुबिना, बुधवारचा मेसेज वाच."

रुबिनाने मोबाइल काढला. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला. "नऊ नंबरला मोर नाहीत, कोरी भिंत आहे..."

"पुढं?"

"पुढं मी तवा वाचलंच नव्हतं. 'खालच्या चौकटीवर नुसती महिरप आहे.'"

"आठ नंबरच्या ओसरीत महिरप हाये का, बानोआपा?"

"नाही बा! आमच्याकडं चौकटच साधी."

"म्हणजे तो माणूस चुकला नव्हता. नऊ नंबरातच डोकावला होता. बुधवारी मोर नव्हते. अन् कय्यूमभाईच्या हातात चावी आली गुरुवारी." झुंबरबाई उठल्या. "जे बुधवारी नव्हतं ते भगवंतरावाले गुरुवारी साडेनऊले दिसलं. काऊन दिसलं?"

भगवंतराव हसले. "बाई, कुठल्या तरी परक्या माणसाचा मेसेज. त्याचं खरं, आणि मी खोटा? मी या गल्लीत जन्मलो आहे."

"हाव, तेच म्हणते मी. तुमी इथं जन्मले." झुंबरबाईंचा आवाज चढला. "बायांनो, गुरुवारी सकाळी साडेनऊले गल्लीत कोन कोन होतं? हात वर करा."

सगळे हात वर झाले. एक म्हातारी कपाळावर हात मारून हसली.

"काय करत होत्या?"

"नळ आलता ना!" पाच-सहा जणी एकदम ओरडल्या. "नवव्या दिवशी आला! साडेसहाले आला, साडेदहापर्यंत होता!"

भगवंतरावांचा चष्मा नाकावरून घसरला होता, तो त्यांनी वर केला नाही.

"नऊ दिवसांतून एकदा," झुंबरबाई म्हणाल्या. "त्या दिवशी या गल्लीत पाय ठेवाले जागा नसते. ड्रम, पाइप, मोटारींचा घूं घूं आवाज, भांडणं. सारी गल्ली वाहते. बाण राह्यतील का रस्त्यावर? साहेब, तुमी आज आले त बाण दिसले तुमाले? गुरुवारी धुवून गेले ते अजून परत काढले नाहीत. आज संध्याकाळी काढनार ती पोरगी. अन् बानोच्या ओट्यावर भरलेले तीन ड्रम होते, सारं पानी सांडलेलं होतं, तिथं हे पांढऱ्या कपड्यात अर्धा तास कोरडे बसले, जुने दिवस आठवत! चाळीस बाया होत्या या गल्लीत. एकीले बी हे दिसले नाहीत. अन् कय्यूमभाई चार हात लांब गाठोडं घेऊन या बोळातून गेले असते त चाळीस बायांच्या पायाले लागून गेले असते."

"कोनी नाही गेलं!" बानो ओरडली. "पोलिसानं आमाले विचारलं असतं त कालच सांगितलं असतं!"

ठाणेदार खाली पाहू लागला.

"गावात राहनारं कोनीबी हे खोटं रचताना नळाचा दिवस विसरला नसता," झुंबरबाई म्हणाल्या. "सात वर्षांचं लेकरू बी विसरत नाही. विसरला तो, ज्याच्या अंगणात बोअर हाये. ज्याचं गवत एप्रिलात हिरवं हाये. चोरी मंगळवारी झाली. सारी गल्ली वलीम्याले गेली तवा. दुसऱ्या चावीनं पुढचं दार उघडून, आरी घेऊन, निवांत. मंग कय्यूमभाईच्या हातात चावी गेल्याचं कळलं अन् आयताच चोर सापडला. फक्त एक काम राह्यलं होतं. गुरुवारी सकाळपर्यंत पट्टी जागेवर होती, असं कोनी तरी पाह्यलं पाहिजे होतं."

"भगवंतरावांच्या गोदामाची झडती घेतो," ठाणेदार म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

भगवंतरावांचा गोडवा एका क्षणात उतरला. "घ्या ना! माझी वस्तू माझ्या गोदामात आहे! अर्धं घर माझं आहे, अर्धी पट्टी माझी आहे! एका रिसॉर्टवाल्याने मागितली, हिने सही दिली नाही. इथे धूर खात पडली होती. कोणासाठी? या... या पाणी भरणाऱ्यांसाठी?"

मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. भिंतीचा आधार न घेता.

"भाऊजी, अर्धी तुमची होती त अर्धी न्यायची होती. कय्यूमभाईची इज्जत कोनाच्या वाट्यात आली होती? माझ्या का तुमच्या?"



ठाणेदाराने हवालदाराला खूण केली. मग घसा साफ करत तो कय्यूमकडे वळला. "मिस्त्री, तुम्ही मोकळे आहात. जाऊ शकता."

कय्यूम जागचे हलले नाहीत. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मान वर केली.

"कुठं जाऊ, साहेब? मले इथून नेलं तवा दंड धरून नेलं. एकेक दार उघडं होतं, साऱ्यायनं पाह्यलं. आता चाळीस बाया ऐकून राह्यल्या, बाकीचे घरात बसले हायेत. उद्या एखाद्याच्या दारात रंधा घेऊन उभा राह्यलो, तं तो आत जाऊन कपाटाले कुलूप लावन. मले काय माहीत कोनाले सांगितलं अन् कोनाले नाही?"

मागे उभ्या असलेल्या माणसांत ते चौघे होते, ज्यांनी काल दंड धरला होता. त्यांच्यातला एक म्हणाला, "चुकलं मिस्त्री, माफ करा." ते इतक्या हळू म्हणाला की झुंबरबाईंचा संताप उफाळून आला.

"काल आवाज कसा होता बे तुहा? तेवढाच काढ आज!"

"मी सांगते काय करायचं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तक्रार माझ्या नावानं हाये ना, साहेब? मंग ठाण्यात न्यायच्या आधी भाऊजी चालतील. एक नंबरपासून चौदापर्यंत. एकेका दारात उभे राहून सांगतील. गुरुवारी ते चालले नाहीत, आज चालतील."

ठाणेदार काहीतरी नियम सांगू लागला. झुंबरबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने टोपी काढून परत घातली आणि म्हणाला, "पंधरा मिनिटं."

पंधरा मिनिटांत ते आटोपलं नाही. एक नंबरच्या दारात भगवंतराव पुटपुटले. आतली म्हातारी म्हणाली, ऐकू नाही आलं. त्यांना पुन्हा सांगावं लागलं. "कय्यूम मिस्त्रीने चोरी केली नाही. मी खोटं बोललो." तीन नंबरला त्यांचा आवाज चिरला. सहा नंबरला एक माणूस जेवता जेवता बाहेर आला, उष्टा हात तसाच धरून त्याने ऐकलं आणि कय्यूमना सलाम केला. आठ नंबरला बानोने ऐकून घेतलं आणि दार धाडकन लावलं. वामनराव वही मिटून चालत होते. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. मागे सारी गल्ली चालत होती, आणि कोणीही हसत नव्हतं.

चौदा नंबर संपला. गल्लीही तिथे संपते. पुढे पत्र्याची चार-पाच घरं आहेत. ती जुनी नाहीत, म्हणून रुबिनाच्या कागदावर ती कधी आलीच नाहीत. त्यातलं शेवटचं कय्यूम मिस्त्रींचं.

भगवंतराव आपणहूनच त्या दाराकडे वळले. पाय ओढत गेले, कडी वाजवली. कय्यूमची बायको समीना बाहेर आली. हाताला पीठ लागलेलं. दोन दिवस तिच्या घरी कोणी फिरकलं नव्हतं, आणि आज अख्खी गल्ली दारात उभी होती.

"कय्यूम मिस्त्रीने चोरी..." भगवंतरावांनी सुरुवात केली.

"थांबा," समीना म्हणाली. ती ओरडली नाही. "हे तिकडं सांगा, ज्यायले माहीत नव्हतं. इथं काऊन आले?"

मग तिने नवऱ्याला हाताला धरून आत घेतलं. रुबिनाही आत गेली. दार लागलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना बराच वेळ कुठे पाहावं तेच कळेना.